३४ रोपांची यादी आणि बारा फुटांचं अंगण

प्रश्न:

आमच्या घरासमोर १८ फूट लांब, १२ फूट रुंद जागा आहे. फाटकापासून दारापर्यंतची वाट त्यात धरलेली नाही. घराचं तोंड पश्चिमेला. सकाळी सगळीकडे सावली, बारानंतर कडक ऊन. घराकडच्या उजव्या कोपऱ्यावर मात्र शेजारच्या झाडाची सावली दिवसभर रेंगाळते. आजवर मधे लॉन, कडेने गुलाब आणि पुढे हंगामी फुलं असा थाट होता. आता लॉनमध्ये हरळी घुसली, गुलाब एकेक करत गेले आणि दर तीन-चार महिन्यांनी रोपं बदलणं गुडघ्यांना झेपत नाही. खिडकीखाली एक्झोरा लावला, तो पिवळाच पडत राहिला. पावसाळ्यात मधल्या भागात पाणी साचतं. फाटकाजवळ एक जुनी लाल जास्वंद आहे, सात फूट उंच, पण फुलं नुसती शेंड्याला. माळी म्हणतो, सगळं काढा आणि पेव्हर ब्लॉक टाका. आमच्या ह्यांना कात्री घेऊन झुडपांचे गोळे करायची हौस. मला कमी कामाची झुडपं हवीत, पण वर्षभर काहीतरी फुललेलं दिसायला हवं. यादी करायला बसले तर ३४ रोपं झाली. त्यात कण्हेरही आहे आणि पारिजातकही. घरात कुत्रा आहे, सुट्टीत लहान नात येते. काय ठेवू, काय काढू?

— गुडघे कुरकुरणारी बागप्रेमी

उत्तर:

ताई,

पेव्हर ब्लॉकचा विचार सोडून द्या. दुपारभराचं ऊन पिऊन ते ब्लॉक संध्याकाळी तीच ऊब तुमच्या पुढच्या खोलीत पाठवतील, आणि आज मधल्या खळग्यात साचणारं पाणी उद्या जोत्याशी येऊन थांबेल. माळी कंटाळला आहे, एवढंच त्याच्या सल्ल्यातून कळतं. त्याला तरी काय बोल लावायचा? लॉन, गुलाब आणि हंगामी फुलं, म्हणजे सर्वांत जास्त राबवून घेणारी मंडळी तुम्ही एकाच अंगणात नांदवत होतात.

आता यादी. आधी थोडा हिशेब करू. १८ गुणिले १२ म्हणजे २१६ चौरस फूट. घराच्या भिंतीलगतची २ फुटांची पट्टी मोकळी सोडायची आहे (का, ते पुढे सांगते), म्हणजे उरले १८०. मध्यम झुडूप पुरतं वाढलं की ४ फुटांचा घेर सहज धरतं, म्हणजे १६ चौरस फूट जागा खातं. अशी झुडपं इथे जेमतेम ११ बसतात. काही बुटकी घेतली तर पंधरा-सोळापर्यंत जाता येईल. तुमची ३४ रोपं आज नक्की मावतील, कारण आज ती वीतभर पिशवीत आहेत. दोन वर्षांनी ती एकमेकांच्या अंगावर येतील, आतली हवा कोंडेल, कीड लागेल आणि कात्री तुमच्या हातातून सुटणार नाही.

झुडपांच्या बागेतलं बहुतेक काम हे चुकीच्या मापाच्या झाडाचं काम असतं. सहा फुटी वाढणारं झाड खिडकीखाली लावायचं आणि मग जन्मभर त्याला तीन फुटांवर कापत बसायचं. म्हणून नर्सरीत गेल्यावर फुलाचा रंग विचारण्याआधी पूर्ण वाढ विचारा, उंचीची आणि घेराची. ‘कापाल तेवढं राहील’ असं उत्तर आलं तर ते रोप खुशाल तिथेच ठेवून या.

दुसरी गोष्ट, वर्षभर फुलांची. कुठलंही झुडूप वर्षातले बरेच आठवडे नुसतं पानांवर असतं. तेव्हा ते बघवेल का, हे आधी पाहायला हवं. यादीतली निम्म्याहून जास्त झाडं बारमाही हिरवी आणि पानांनीच देखणी अशी घ्या. फुलांचं काम वाटून द्या: एकाचा बहर ओसरला की दुसऱ्याचा सुरू. सगळी एकाच वेळी फुलणारी दहा झाडं लावली तर महिनाभर उत्सव आणि पुढे वर्षभर शुकशुकाट.

आता जागेकडे वळू, खिडकीपासून. एक्झोराची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, असंच दिसत होतं ना? मातीत चुना जास्त असला की झाडाला लोह घेता येत नाही, त्याची ही खूण. एक्झोराला किंचित आम्लधर्मी माती लागते आणि भिंतीलगतच्या मातीत हमखास सिमेंट, गिलाव्याचा चुरा, बांधकामाचा राडारोडा गाडलेला असतो. खत घालून हे सुटत नाही. शिवाय छज्ज्याखाली पाऊस पोचत नाही, त्यामुळे ती पट्टी भर पावसाळ्यातही कोरडी राहते. तिथे काहीही लावू नका. तीच तुमची काम करायची वाट होईल. खिडकी पुसायला जागा राहील आणि भिंतीला ओल धरणार नाही.

त्या पट्टीच्या पुढे, खिडकीसमोर, बुटक्या तगरीची तीन रोपं, प्रत्येकी ३ फुटांवर. बुटकी म्हणून नीट सांगून घ्या, साधी तगर बघता बघता तावदान झाकून टाकते. तगर उन्हात चालते, अर्ध्या सावलीत चालते, आणि पांढरी फुलं थोडीफार का होईना, जवळजवळ बारा महिने देते. फांदी मोडली की दुधासारखा चीक येतो, तेवढा डोळ्यात जाऊ देऊ नका.

सावलीचा कोपरा कुंतीला द्या. काही जण तिला कामिनी म्हणतात. काळसर हिरवी, चकचकीत पानं. एखादी चांगली सर येऊन गेली की पुढच्या काही दिवसांत सगळं झुडूप पांढरं होतं आणि वास फाटकापर्यंत येतो. बहर थोडे दिवसांचा असतो, पण पावसाळ्यात असे दोन-तीन बहर सहज येतात. नंतर लाल बारीक फळं धरतात आणि बुलबुल त्यांच्यावर तुटून पडतात. एक मात्र पाहा: अंगणात किंवा कुंडीत लिंबाचं झाड असेल तर कुंती त्याच्यापासून लांबच बरी. लिंबावर पडणारे सिला नावाचे बारीक किडे कुंतीवरही मजेत राहतात. कुंतीच्या पायाशी अबोलीची तीन रोपं लावा. आडोशाला इतका टिकाऊ रंग दुसरं क्वचितच कुणी देतं.

आता उन्हाचा भाग, म्हणजे कुंपणाकडचा. कण्हेर इथे उत्तम जगली असती. पाणी कमी लागतं, रखरखत्या उन्हातही फुलते, जनावर तोंड लावत नाही. जनावर तोंड लावत नाही, कारण ती मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे. तुमच्याकडे काठ्या चघळणारा कुत्रा असेल आणि दिसेल ते तोंडात घालायच्या वयाची नात, तर तिला यादीतून काढा. पिवळी बिट्टीही त्याच माळेची. घाणेरीही नको. तिच्या बिया पाखरांबरोबर कुठेकुठे जातात आणि जिथे रुजते तिथून ती दुसऱ्या कुणाला उठू देत नाही.

कण्हेरीऐवजी कुंपणाशी मधोमध एक धायटी लावा. हे झुडूप डोंगरउतारावर आपसूक उगवतं, कमानीसारख्या फांद्या जमिनीकडे झुकतात आणि हिवाळ्याच्या अखेरीला, बाकी बाग मरगळलेली असताना, पानांच्या बगलेतून लालभडक नळ्यांचे घोस फुटतात. शिंजीर नावाचा चिमुकला पक्षी त्या फांदीवर उलटा लटकून चोच खुपसतो, ते खिडकीतून बघत बसावं. धायटी सगळ्या नर्सऱ्यांत मिळत नाही, स्थानिक झाडांची रोपं करणाऱ्याकडे विचारावं लागतं, पण शोधायच्या लायकीची आहे. तिच्या दोन्ही बाजूंना निळ्या चित्रकाचं एकेक रोप. उन्हाळ्यात निळा रंग डोळ्यांना इतका बरा वाटतो की तेवढ्यासाठी त्याचा पसारा सोसावा. त्याला ४ फूट द्या आणि कुंपणावर रेलू द्या.

मधे हॅमेलियाची दोन रोपं आणि त्यांच्या पुढे जांभळ्या कोरांटीची तीन. हॅमेलिया उबेच्या दिवसांत शेंदरी फुलं देत राहते आणि थंडी पडली की पानांवर तांबूस छटा येते. पाऊस ओसरला की कोरांटी सुरू होते आणि थंडीचे पहिले महिने सांभाळते. पिवळ्या कोरांटीला अणकुचीदार काटे असतात, म्हणून नातीसाठी जांभळीच घ्या. एकूण पंधरा रोपं झाली. जास्वंद आहेच.

त्या जास्वंदीला हात लावायचा आहे, पण उपटायला नव्हे. सात फुटांवर शेंड्याला फुलं येतात, कारण खालच्या जुन्या खोडांवर नवी फूटच नाही आणि जास्वंद फुलते ती नव्या फुटीवर. हिवाळा संपताना तिच्यातली सर्वांत जाड, जुनी खोडं निवडा, एकूण खोडांच्या तिसऱ्या हिश्शाइतकी, आणि करवतीने जमिनीपासून फूटभर ठेवून कापा. बाकीच्यांना त्या वर्षी हात लावू नका. पुढल्या वर्षी आणखी एक हिस्सा, त्याच्या पुढल्या वर्षी उरलेला. तीन वर्षांत झाड नवं होईल आणि एकही वर्ष बिनफुलांचं जाणार नाही. नव्या फुटीवर पिठ्या ढेकूण दिसला, म्हणजे कोवळ्या शेंड्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके, तर शेंडा खुडून टाका आणि पाण्याची जोरदार धार मारा. सुरुवातीलाच पकडला तर फवारणीपर्यंत जावं लागत नाही.

इथून आपण तुमच्या ह्यांच्या कात्रीकडे येतो. त्यांना एखादं वर्षानुवर्षं गोल कापलेलं झुडूप दाखवा आणि पानं दोन्ही हातांनी बाजूला सारून आत बघायला सांगा. बाहेर चार बोटं जाडीचा हिरवा थर असतो, आत नुसत्या वाळक्या काटक्या. वरून सारखं कापत राहिल्याने शेंड्याला दाट फूट येते, आत उजेड जात नाही, आतली पानं झडतात. तगर, कुंती, जास्वंद यांच्या कळ्या नव्या फांद्यांच्या टोकांना येतात आणि गोळा करणारी कात्री पहिला घाव त्यांच्यावरच घालते. मग ‘झाड फुलतच नाही’ अशी तक्रार. झुडपाला त्याच्या अंगच्या आकारात वाढू द्यायचं आणि वर्षातून एकदा जुन्या, वाळक्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या बुडाशी काढायच्या, एवढी छाटणी पुरे. कोरांटी फुलून गेली की फूटभर ठेवून कापा, हॅमेलिया हिवाळा संपताना निम्म्यावर आणा, धायटीला फुलं संपेपर्यंत हात लावू नका.

तरीही हौस ती हौस. दाराच्या दोन्ही अंगांना दोन कुंड्यांत सोनेरी पानांचा ड्युरांटा लावा आणि त्या दोन गोळ्यांचा ताबा त्यांच्याकडे द्या. ड्युरांटा वाढतो झपाट्याने, त्यामुळे कात्रीला भरपूर काम. सतत छाटला की त्याला फळं धरत नाहीत आणि ते चांगलंच, कारण त्याची पिवळी फळं लहान मुलाच्या पोटात गेली तर त्रास होतो. कंटाळा आला की कुंड्या हलवता येतील.

हरळीचं काम उन्हाळ्यात उरका. तिचं प्रत्येक पेर मूळ धरतं, बोटभर तुकडा मातीत राहिला तरी पहिल्या पावसाला हजर. जमीन फूटभर खणून मुळ्या हाताने वेचा आणि उन्हात करकरीत वाळू द्या. हे काम गुडघ्यांना सांगू नका, माळ्याला सांगा. पेव्हरपेक्षा हे सोपंच आहे. मधल्या भागाची परीक्षाही तेव्हाच घ्या: फूटभर खोल खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही तळाशी पाणी दिसलं तर मधला वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा सहा-आठ इंच उंच करा आणि माती भरताना पाण्याला फाटकाकडे उतार द्या.

रोपं लावायची ती पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर. खड्डा मुळांच्या गड्ड्याइतकाच खोल, पण दुप्पट रुंद. पिशवी फाडल्यावर मुळं पिशवीच्या आकारात गोल गोल फिरलेली दिसली तर बोटांनी मोकळी करा, गच्च असतील तर गड्ड्यावर तीन-चार उभे काप द्या. नाहीतर मुळं जमिनीतही तशीच फिरत बसतात आणि दोन वर्षांनी कळतं की झाड हलवलं तर हलतंय. खोड नर्सरीत जिथवर मातीत होतं तिथवरच ठेवा.

कमी देखभालीचं म्हणून आणलेलं झुडूप पहिल्या वर्षी कमी देखभालीचं नसतं. पाऊस नसेल तेव्हा आठवड्यातून दोनदा, झाडाला एक बादली, सावकाश. रोज संध्याकाळी पाइपने शिंपडण्याची सवय मोडा. त्याने वरची दोन बोटं माती भिजते आणि मुळं वरच राहतात. दुसऱ्या वर्षी आठवड्यातून एकदा पुरतं. तिसऱ्या वर्षापासून उन्हाळा सोडला तर फारसं बघावं लागत नाही. मोकळ्या मातीवर वाळक्या पानांचा दोन-तीन इंच थर पसरा, खोडापासून चार बोटं लांब. शेजारच्या झाडाचा पाचोळा आयताच तुमच्याकडे पडतो, तो जाळायला देऊ नका.

पहिली दोन वर्षं बाग उघडी वाटेल, येणारा-जाणारा ‘एवढंच लावलं?’ म्हणेल, आणि तुमचा हात आणखी रोपांकडे वळेल. तेव्हा मधल्या मोकळ्या जागेत झेंडूचं किंवा कॉसमॉसचं बी भिरकावून द्या. सालभरात ती आपली आपण संपतात. झुडूप मात्र एकदा लावलं की काढवत नाही.

राहिला पारिजातक. तो झुडूप म्हणून विकला जातो आणि लहान झाड होतो. बारा-पंधरा फूट सहज. त्याला ऊन हवं, म्हणून सावलीच्या कोपऱ्यात तो रडेल. उन्हाळ्यात पानं गळून खराटा होतो, हेही माहीत असू द्या. पण तुमच्या पश्चिमेच्या अंगणात त्याची एक सोय आहे. त्याची फुलं पहाटे पडतात आणि ऊन लागलं की मलूल होतात. तुमच्याकडे सकाळभर घराची सावली असते, त्यामुळे सडा दहा-अकरापर्यंत ताजा दिसेल. त्याला द्यायची जागा एकच, कुंपणाशी मधली, भिंतीपासून आठ फूट तरी लांब. म्हणजे धायटीची. तेव्हा धायटी किंवा पारिजातक, दोन्ही नाही. मला विचाराल तर धायटी, कारण पावसाळ्यानंतरचे दिवस सांभाळायला कोरांटी आहे आणि हिवाळ्याच्या अखेरीला दुसरं कुणीच नाही. दोन्ही हवेच असतील तर जास्वंद काढून तिच्या जागी पारिजातक लावावा लागेल, आणि ते तुमच्याच्याने होणार नाही असं पत्रावरून दिसतं.